कार्ड फोडलं, तर घर फुटेल का?

पत्र वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीतून आलं आहे. लिहिणारी चौतिशीतली. घरात सासूबाई, नवरा, तिसरीतला मुलगा आणि अडीच वर्षांची मुलगी. नवरा माडावर चढून नारळ पाडायचा. दोन वर्षांपूर्वी वरून पडला, कंबर गेली. आता आंब्याच्या दिवसांत बागेची राखण आणि एरवी मिळेल ते हलकं काम. ती स्वतः हंगामात काजूच्या कारखान्यात जाते. दोघांचं मिळून वर्षाला चाळीस-बेचाळीस हजार होतात, पावसात तेही थांबतं.

रेशन कार्ड केशरी आहे आणि चार वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. त्यावर नालासोपाऱ्याला राहणाऱ्या मोठ्या दिरांचं चौघांचं कुटुंब आहे. दिरांना कायम नोकरी. कार्डावर धान्य मिळत नाही. अंगणवाडीत धाकटीचं वजन कमी भरलं, तेव्हा सेविकेनेच ‘वेगळं कार्ड करून घ्या’ असं सुचवलं. घरात विषय काढताच सासूबाई म्हणाल्या, “कार्ड फोडलास काय घर फुटला म्हणान समज.” दीर फोनवर म्हणाले, गावच्या कार्डावरून नाव गेलं तर उद्या हिस्सा कुठला? नवरा म्हणाला, “फुकटचा खावक आमी भिकारी नाय.” बाजारातला एक एजंट तीन हजारांत ‘काम करून देतो’ म्हणतो. ती विचारते : पोरीच्या पोटासाठी घर मोडणारी मी ठरेन का?

ताई,

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले. ‘धाकटीचं नाव अजून चढवलेलं नाही, कारण कार्ड बाहेर काढलं की सगळाच विषय निघतो.’ म्हणजे आज तुमच्या कार्डावर चार वर्षांपूर्वी गेलेले सासरे आहेत, मुंबईत जेवणारी चार माणसं आहेत, आणि रोज तुमच्या चुलीपाशी बसून भात मागणारी पोर नाही. घर मोडेल म्हणून तुम्ही घाबरताय, पण कार्डावरचं ते घर आता कुठे आहे?

रेशनच्या लेखी कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. घराण्याशी आणि भावकीशी त्याला देणंघेणं नाही. आपल्याकडे घर एक, गणपती एक आणि चुली दोन, कधी तीन, हे काही नवीन नाही. ओटीवरून आत गेलं की एका बाजूला थोरल्याचा गॅस, दुसऱ्या बाजूला धाकट्याचा, मधे देवाची खोली. त्याला कुणी घर फुटलं म्हणत नाही. मोठे भाऊजी नालासोपाऱ्याला जेवतात. त्यांची चूल कधीच वेगळी झाली आहे आणि त्याबद्दल कुणाला राग नाही. हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे, फक्त तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेला कुणी कळवलेलं नाही.

न कळवल्याने काय झालं, ते बघा. २०१३चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१४पासून लागू झाला. केशरी कार्डवाल्यांपैकी ज्यांचं वर्षाचं उत्पन्न ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपयांच्या आत, त्यांना ‘प्राधान्य कुटुंब’ म्हणून धान्य लागू झालं. त्यांना माणशी महिन्याला ५ किलो मिळतं. अंत्योदयच्या, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांसाठीच्या, कार्डाला माणसं कितीही असोत, ३५ किलो. आधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता, जानेवारी २०२३पासून तो फुकट आहे, आणि जानेवारी २०२४पासून पुढची पाच वर्षं फुकटच ठेवायचं केंद्राने ठरवलं. बाकीचे केशरीवाले बाहेर राहिले. एकाच कार्डावर भाऊजींचा पगार आणि तुमची काजूची मजुरी एकत्र मोजली गेली की तुम्ही त्या ‘बाकीच्यां’त जाता. तुमची गाडी तिथेच अडली असणार.

(४४,००० म्हणजे दिवसाला १२० रुपये. ज्यांनी ही मर्यादा ठरवली आणि इतकी वर्षं जागची हलवली नाही, त्यांनी एकदा वेंगुर्ल्याच्या बाजारात त्या पैशात पाच माणसांसाठी बांगडे घेऊन दाखवावेत.)

आता सासूबाई. त्यांच्या मनात ‘कार्ड फोडणं’ म्हणजे काय, हे ओळखायला हवं. त्यांच्या पिढीत धाकटी सून नवऱ्याला घेऊन वेगळी निघाली की पहिली खूण कार्डाची असायची. कार्ड वेगळं झालं, मग हंडे-कळश्या, मग मधे दगडांचा गडगा. तुम्ही कार्ड म्हटलंत की त्यांना तो गडगा दिसतो. पण तुम्ही तर कुठे निघालेल्या नाही. त्याच घरात, त्यांच्याच सोबत राहणार आहात.

आणि या कायद्यात एक कलम त्यांच्या कामाचं आहे, तेरावं. कुटुंबातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाई ही रेशन कार्डासाठी कुटुंबप्रमुख. तुमच्या घरात ती बाई म्हणजे सासूबाई. नवं कार्ड निघेल ते त्यांच्या नावाने. आयुष्यभर त्या घरात राबल्या, पण एखादा कागद त्यांच्या नावावर आहे का, विचारा. बहुधा नसेल. म्हणून ‘वेगळं कार्ड’ हे शब्द आजपासून टाकून द्या. “आये, बाबांच्या जागेर कार्ड तुझ्या नावार करूया,” एवढंच बोलायचं, आणि तेसुद्धा तुम्ही नव्हे, तुमच्या नवऱ्याने. हे वाक्य सुनेकडून आलं तर त्यात डाव दिसेल, मुलाकडून आलं तर मान दिसेल. अन्याय आहे खरा, पण आपल्या घरांतलं ऐकणं असंच चालतं.

भाऊजींची गोष्ट वेगळी. त्यांची भीती खोटी आहे, पण उगाच नाही. रेशन कार्डाने घर-जमिनीत हिस्सा मिळत नाही आणि कार्डावरून नाव गेल्याने जातही नाही. केंद्राच्या २०१५च्या नियंत्रण आदेशात तर रेशन कार्ड ओळखीचा किंवा रहिवासाचा पुरावा म्हणून वापरू नये असंच म्हटलंय. हिस्सा बघायचा तो सातबाऱ्यावर, आठ-अच्या उताऱ्यावर आणि ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या (असेसमेंट) उताऱ्यावर. पण कोकणातल्या सामायिक जमिनीचा सातबारा आपण पाहिलेला असतो. एका गुंठ्याला वीस नावं, त्यातली निम्मी वारलेली. असा सातबारा ज्याच्या नशिबी, तो चाकरमानी गावच्या कुठल्याच कागदावरचं नाव सोडायला धजत नाही. त्याला समजावण्यात शब्द वाया घालवू नका, कागद दाखवा.

सासरे जाऊन चार वर्षं झाली. सातबाऱ्यावर वारस नोंद केलीत का? पत्रात उल्लेख नाही, म्हणून मी धरून चालते की राहिली असेल. ती आधी करा. तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) मृत्यूदाखला आणि वारसांची माहिती देऊन अर्ज जातो, फेरफार पडतो. त्यात सासूबाई, दोन्ही मुलगे आणि नणंदा असतील तर त्यासुद्धा, सगळ्यांची नावं आली पाहिजेत. भाऊजींना सांगा : तुमचं नाव जिथे असायला हवं तिथे आम्ही आधी चढवतो, मग जिथे त्याचा उपयोग नाही तिथून कमी करू. हिस्सा गिळायला निघालेली माणसं स्वतःहून वारस नोंद करत नाहीत, हे न सांगताही त्यांच्या लक्षात येईल. कार्डावरून चौघांची नावं कमी झाल्याचा दाखला मिळाला की त्यावर त्यांना नालासोपाऱ्यात स्वतःचं कार्ड मागता येतं. उत्पन्न लाखाच्या वर असेल तर ते पांढरं निघेल. त्याने त्यांचं काही बिघडत नाही, धान्य आजही मिळत नाहीच.

त्यांनी तरीही नाहीच म्हटलं तर? तुम्हाला जुन्या कार्डावरून निघून नवं कार्ड मागता येतं. स्थळ पाहणीला कुणी आलं तर चूल कुठे पेटते ते दिसेलच. पण तेव्हा सासूबाई कुठल्या कार्डावर जाणार, हा प्रश्न त्यांनाच सोडवावा लागेल, दोन मुलांच्या मधे उभं राहून. त्या दिवशी त्यांचं म्हणणं खरं ठरेल. म्हणून ती वाट असली तरी अगदी शेवटी ठेवा. आणि कुणाला न सांगता गुपचूप दुसरं कार्ड काढण्याचा विचार करू नका. आधार जोडल्यापासून एक माणूस दोन कार्डांवर राहू शकत नाही, यंत्र लगेच पकडतं.

नवऱ्याच्या ‘भिकारी नाय’वर मी बराच वेळ विचार करत होते. माझी आई रेशनची पिशवी आणताना वर लाल माठाची जुडी ठेवायची. बाजारात गेले होते, वाटेत भाजी घेतली, असं दिसावं म्हणून. जुडी पिशवीच्या तोंडाशी नीट बाहेर डोकावेल अशी बसवायची, आणि खाली रेशनचा तांदूळ. आईला शेजारणीची भीती. आई गेल्यावर त्या शेजारणीच्या मुलीने मला सांगितलं, तिची आई वर केळीचं पान ठेवायची.

महाराष्ट्राच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के माणसांना या कायद्याखाली धान्य देण्याची मर्यादा ठरलेली आहे. ढोबळ सांगायचं तर चारात तीन. गावातल्या चारपैकी तिघांना भिकारी म्हणायची तुमच्या यजमानांची तयारी असेल असं वाटत नाही. हा कायदा आहे, त्यात ‘हक्क’ लिहिलेला आहे, आणि ठरलेलं धान्य दिलं नाही तर सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यावा असंही त्यात आहे. भिकेची भरपाई कुणी देत नाही.

पण मला वाटतं, त्यांचं ते बोलणं रेशनवरचं नाहीच. ते कमरेवरचं आहे. रोज पन्नास-साठ फूट वर जाऊन सगळ्या वाडीला नारळ पाडून देणाऱ्या माणसाला आता खाली बसून राखण करावी लागते. त्यात बायको म्हणते, फुकटचा तांदूळ घेऊया. त्यांना कायदा ऐकवण्याआधी वर सांगितलेली दोन कामं त्यांच्याकडे सोपवा : आईशी बोलणं आणि वारस नोंदीचा पाठपुरावा. तलाठी कार्यालयात जायला कंबर लागत नाही. अर्ज त्यांनी केला तर धान्य त्यांनी आणलेलं असेल.

एजंटाकडे जाऊ नका, आणि ते फक्त तीन हजारांसाठी नाही. तो जे विकतोय ते त्याच्याकडे नाही. कार्ड वेगळं होणं आणि प्राधान्य यादीत नाव लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही गल्लत जवळपास प्रत्येक पत्रात दिसते. कार्ड वेगळं होईल ते तुमच्या कागदांवर. प्राधान्यात नाव लागेल ते इष्टांकात, म्हणजे ठरवून दिलेल्या लाभार्थ्यांच्या संख्येत, जागा असेल तर. राज्यासाठी लाभार्थ्यांचा आकडा साधारण ७ कोटींवर बांधलेला आहे, तो जिल्ह्यांत आणि तालुक्यांत वाटलेला आहे, आणि कुणी वारलं, लग्न होऊन गेलं, नाव दुबार निघालं किंवा कुणी स्वतःहून धान्य सोडलं की जागा होते. म्हणून कार्डाच्या अर्जासोबतच प्राधान्यात समावेशाचा अर्ज तहसीलदारांनी दिलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यासह द्या आणि त्याची पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे केलेलाच नाही असं समजा. उत्पन्न लिहिताना खरं लिहा. तुमचा खरा आकडाच मर्यादेच्या आत आहे, तो आणखी लहान करून दाखवण्याची गरज नाही.

१५ ऑगस्टला ग्रामसभा असते. बायका सहसा झेंडावंदन करून घरी येतात, यंदा थांबा. पात्र असून धान्याबाहेर असलेल्या कुटुंबांची नावं वाचा, असं सरपंचांना सांगा. गावच्या रेशन दक्षता समितीचे अध्यक्ष तेच असतात. मयत माणसांच्या नावावर अजून धान्य उचललं जातंय का, हाही प्रश्न तिथेच विचारता येतो, फक्त कुणाकडे बघत विचारू नका. एवढं करून दाद लागली नाही तर १९६७ हा मदत क्रमांक आहे, जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आहे आणि त्यावर राज्य अन्न आयोग.

सासूबाई पासष्टीच्या पुढच्या आणि विधवा आहेत, म्हणून कुणीतरी अंत्योदयचंही सुचवेल. ज्या कुटुंबाची प्रमुख विधवा किंवा साठीपुढची व्यक्ती आहे आणि उत्पन्नाची शाश्वती नाही, अशांसाठी ती योजना आहे खरी. विचारून ठेवा, पण त्यावर भिस्त ठेवू नका. घरात कमावता मुलगा आहे म्हटल्यावर अंत्योदय मिळणं कठीण असतं.

अंगठ्याचं सांगायला हवं, कारण काजूवाल्या बायकांची ही अडचण कचेरीत कुणाच्या डोक्यात येत नाही. काजूच्या टरफलाचा चीक बोटांची कातडी जाळतो. राख लावा, तेल लावा, हंगामाच्या शेवटी बोटांची टोकं गुळगुळीत होतात आणि यंत्र म्हणतं, ‘जुळत नाही’. कार्डावरच्या प्रत्येकाची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, लागते, तेव्हा तुमची आणि सासूबाईंची ही पंचाईत होणार. ती हंगाम संपल्यावर, महिना-दीड महिना हात काजूपासून लांब राहिल्यावर करा, कातडी परत येते. तरी जुळलं नाही तर डोळ्यांवरून किंवा मोबाइलवर चेहऱ्यावरून ओळख पटवून घ्यायची सोय आहे, ती मागा. ‘बोटं नाहीत, धान्य नाही’ असं म्हणून परत पाठवायचा अधिकार दुकानदाराला नाही. दर महिन्याला धान्य आणताना मात्र कार्डावरच्या कुणाचाही अंगठा चालतो, त्यामुळे ते काम यजमानांचं. मुलगा पाचाच्या पुढे आहे, त्याच्या आधारवर बोटांचे ठसे नव्याने घेतलेत का बघा. आणि धाकटीचा जन्मदाखला आणि बाल आधार नसेल तर कार्डाचं पुढचं पाऊल टाकण्याआधी ते करा, नाहीतर नव्या कार्डावरही ती नसेल.

(ज्यांचं कार्ड प्राधान्यात आहे आणि घरातली काही माणसं मुंबईत आहेत, अशा इतर वाचकांसाठी : नावं कमी करण्याची घाई नको. ‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे त्याच कार्डावर आपल्या वाट्याचं धान्य तिकडच्या दुकानात उचलता येतं, उरलेलं गावी मिळतं.)

या सगळ्याला वेळ लागेल, महिने लागतील. तुमच्या मुलीकडे तेवढे महिने नाहीत, आणि मला तुमच्याशी खरं बोलायचंय ते यावर. अंगणवाडीतल्या आहाराला आणि शाळेतल्या जेवणाला रेशन कार्ड लागत नाही. ते आजही तुमच्या मुलांचं आहे.

सेविकेने तिला वजनाच्या तक्त्यावर ‘पिवळ्या पट्ट्यात’ म्हटलं ते वयाच्या मानाने वजन कमी, या अर्थाने. तिला उंची मोजायला सांगा आणि दंडाचा घेरही. दंड मोजायच्या पट्टीवर साडेबारा सेंटिमीटरच्या वर हिरवा, साडेअकरा ते साडेबारा पिवळा आणि साडेअकराच्या खाली लाल. लाल आला, दोन्ही पायांवर सूज दिसली किंवा पोर मलूल पडून खायला नको म्हणायला लागली, तर सेविकेची वाट न बघता ग्रामीण रुग्णालय गाठा. जंतनाशक दिनी जंताची गोळी देतात, ती चुकवू नका.

तुम्ही लिहिलंय, ‘दिवसातून चार वेळा पेज देते, तिला कमी काही ठेवत नाही.’ ताई, यावर मला विश्वास आहे, आणि अडचणही इथेच आहे. पेज म्हणजे आपलं औषध, आपली न्याहारी, आपलं सगळं. पण वाटीभर पेजेत दाणे किती असतात, एकदा गाळून बघा. बाकी पाणी. अडीच वर्षांच्या पोराचं पोट तिच्या मुठीपेक्षा फार मोठं नसतं. ते पाण्याने टम्म होतं, ती ‘पुरे’ म्हणते, तुम्हाला वाटतं जेवली, आणि दोन तासांत ती पुन्हा भुकेली. पेज तुमच्यासाठी ठेवा. तिला मऊ गुरगुट्या भात द्या, त्यावर कुळथाची पिठी, आणि वरून चमचाभर खोबरेल. त्या एका चमच्यात चाळीस-पंचेचाळीस कॅलरी असतात, वाटी तेवढीच राहते. तांदळात शंभरात सात-आठ ग्रॅम प्रथिनं, कुळथात बावीसच्या आसपास. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियम असतं, ती घट्ट शिजवून गूळ घालून द्या. पावसाच्या बेगमीत सुका जवळा असेलच. तो साफ करून, कोरडा भाजून, कुटून बरणीत ठेवा, आणि तिच्या भातावर चिमूटभर. शेवग्याचा पाला तर परसात फुकट. सकाळचा चहा-टोस्ट बंद करा, चहाने लोह अंगी लागत नाही. सासूबाई रागावतील, तर टोस्ट राहू दे, चहा तेवढा काढा.

अंगणवाडीतून मिळणाऱ्या पाकिटाची तुम्ही खीर करून सगळ्यांना देता, असंही लिहिलंय. एकट्या मुलाला रोज पुरेशा कॅलरी आणि प्रथिनं मिळावीत, या हिशेबाने तो आहार ठरवलेला आहे. पाच जणांत वाटला की कुणाच्याच अंगी लागत नाही. घरात एकटीला वेगळं काढून देणं जिवावर येतं, माहीत आहे, मोठा समोर बघत बसतो. मोठ्याला शाळेत दुपारचं जेवण आहे, प्राथमिकच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, ते त्याने पोटभर खावं. धाकटीचं पाकीट तो शाळेत असताना करा. सहा महिन्यांनी ती तीनची होईल, मग तिलाही अंगणवाडीतच गरम जेवण मिळेल. तोवर एवढं सांभाळा.

आणि धान्य लागू झालं की काय करायचं, तेही आत्ताच ठरवा, कारण तेव्हा ठरवायला उशीर झालेला असतो. पाच माणसांचे २५ किलो. माणशी दिवसाला १६७ ग्रॅम, सहाशेच्याही आतल्या कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दोन हजार कॅलरींचं जे ताट सांगितलंय त्यात धान्य २५० ग्रॅम आहे, पण डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आहेत, दूध आहे, भाजी आहे. रेशनवर ताटातला भात येतो, वाटीतलं काही येत नाही. म्हणून रेशन मिळूनही घरं कुपोषित राहतात. दुकानातला साधा तांदूळ ४० रुपये किलो धरला तरी तुमचे महिन्याला हजार रुपये वाचतील. हे हजार मोकळे राहिले तर कुठे जातात ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं माहीत आहे. वाण्याची उधारी, मोबाइलचा रिचार्ज, कुणाच्या तरी बारशाचा आहेर. ते पहिल्याच दिवशी वाटीकडे वळवा. दोन पोरांना रोज एकेक अंडं, सात रुपये धरलं तर महिन्याला सव्वाचारशे. दोन-अडीच किलो कुळीथ आणि चवळी, किलोभर शेंगदाणे. उरलेल्यातून उधारी.

त्या तांदळात काही दाणे वेगळे, जरा पिवळट दिसले तर निवडून टाकू नका. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ घालून केलेले दाणे आहेत, शंभरात एक या हिशेबाने मिसळलेले. घरात कुणाला थॅलेसेमिया असेल तर तेवढं डॉक्टरांना विचारा.

तुम्ही पोरीचं लिहिलंत, मुलाचं, सासूबाईंच्या दातांचं, यजमानांना भात जड होतो तेही. तुम्ही स्वतः काय जेवता, ते चार पानांत कुठेच नाही. पुढच्या पत्रात ते लिहा.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर एका शब्दात : नाही. घर मोडायला निघालेली बाई मला चार पानं लिहीत बसली नसती.

आता भाऊजींशी बोलायची वेळ. फोनवर नको, ते चवथीला येतीलच. आल्या दिवशी विषय काढू नका, आणि निघायच्या आदल्या दिवशीही नको, तेव्हा सगळ्यांचं लक्ष परतीच्या गाडीत असतं. गौरीचं जेवण झालं की दुपारी ओटीवर मंडळी लवंडतात, सासूबाई विडा करत असतात, ती वेळ. यजमानांनी आधी सातबारा पुढे ठेवावा आणि मग कार्डाचा अर्ज. चौघांच्या आधारच्या झेरॉक्स मुंबईहूनच आणायला सांगा. गणपतीत आपल्याकडचा झेरॉक्सवाला भजनाला गेलेला असतो.